वेंडलरचा हात, सहा नंबरचे चाक

३ ऑक्टोबर १९६२, बुधवार
बाड एर्लेनब्रुन

मी रोजनिशी लिहिणारी बाई नव्हे. ही वही दिनकरमुळे लिहावी लागते आहे. माझा धाकटा भाऊ दिनकर गद्रे, त्याचा मुलगा श्यामकांत डार्मश्टाटच्या तंत्रविद्यापीठात डॉक्टरेट करायला आला, आणि गेले पाच महिने तो विद्यापीठात नाही. या गावातल्या जुगारघरात बसलेला असतो. हे त्याने स्वतः कळवले नाही; त्याच्याबरोबर खोलीत राहणाऱ्या सुधीरने कळवले. एक नोव्हेंबरपर्यंत श्याम परत गेला नाही तर त्याची जागा दुसऱ्याला देणार आहेत. दिनकरला दमा, आणि सरला पत्र वाचल्यापासून नुसती रडते आहे. तेव्हा मी निघाले. निघताना दिनकरने वचन घेतले की रोज घडेल ते जसेच्या तसे लिहायचे, काही वगळायचे नाही. मुलाची गोड पत्रे वाचून त्याचे पोट भरले आहे.

प्रवास उत्तम झाला. जिनोआला बोट चार तास उशिरा लागली. पुढे मात्र एकही गाडी मिनिटभर इकडेतिकडे झाली नाही. आमच्या सांगलीच्या स्टेशनमास्तरांना इथे आणून महिनाभर फलाटावर बसवावे असे वाटले.

गाव लहान आणि अतिशय स्वच्छ. एक मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना चेस्टनटची झाडे, झाडांखाली पांढरे बाक, आणि बाकांवर गुडघेदुखीवाले. औषधी पाण्याचा झरा आहे. पाण्याला खिळे उकळल्यासारखी चव. मी दोन पेले प्याले. घरमालकीण फ्राउ ब्रेमर हिने दारातच माझ्या पातळाचा पदर चिमटीत धरून किती मीटर कापड म्हणून विचारले. साडेपाच ऐकल्यावर म्हणाली, एवढ्यात तिच्या दोन खिडक्यांचे पडदे झाले असते. कॉलेजात मी दुसरी भाषा म्हणून जर्मन घेतले होते. चौतीस वर्षांचा गंज आहे, पण चालते. फ्राउ ब्रेमरच्या मते मी चर्चमधल्या पाद्र्यासारखी बोलते.

श्याम स्टेशनवर आला होता. वाकून नमस्कार केला. बारीक झाला आहे. डाव्या तळहाताला पट्टी. दारात सापडला म्हणाला. चकल्यांचा डबा रस्त्यातच उघडून दोन खाल्ल्या आणि आईने मोहन कमी घातलेय असेही सांगितले. जीभ शाबूत आहे, तेव्हा पोरगाही शाबूत असावा.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

आज त्याला समोर बसवून विचारले. दहावीच्या मुलीला विचारते तसे.

त्याने सांगितले ते असे. त्याचा विषय धारवे आणि त्यांची झीज, म्हणजे फिरणारा आस ज्यात बसतो तो भाग. वसंतात इथल्या जुगारघराने, याला इथे स्पीलबांक म्हणतात, त्याच्या प्रोफेसरांना चाके तपासायला माणूस मागितला. प्रोफेसरांनी श्यामला पाठवले. रूलेटच्या चाकात शून्यापासून छत्तीसपर्यंत सदतीस घरे. चाक एका दिशेने फिरवतात, हस्तिदंती गोळी कडेने उलट दिशेने सोडतात, ती ज्या घरात पडेल तो अंक. चाक फिरवून गोळी सोडणारा तो क्रुपिए. श्याम म्हणतो की चाक कधीच अगदी सपाट नसते. एखादे घर सैल, एखादी कड झिजलेली. आणि क्रुपिएला हात असतो. रोज शेकडो वेळा तेच करणाऱ्याचा हात नकळत एकाच जोराने, एकाच क्षणी सुटतो. म्हणून रोज सकाळी चाके या टेबलावरून त्या टेबलावर हलवतात, आणि अर्ध्या-पाऊण तासाने क्रुपिए बदलतात.

मी म्हटले, बरे, मग तपासणी मे महिन्यात संपली. ऑक्टोबरात तू इथे काय करतोस? यावर त्याने चकली मोडून तिचे चार तुकडे केले. खेळतोस का, विचारले. जुलैपासून एकदाही नाही, म्हणाला. श्याम लहानपणापासून खोटे बोलताना माझ्या कपाळाकडे बघतो. आज डोळ्यांकडे बघत होता.

त्याने चार वह्या माझ्यापुढे ठेवल्या. आत्या, तू गणितवाली आहेस, तूच चूक काढ, म्हणाला.

काढते.

८ ऑक्टोबर, सोमवार

तीन दिवस वह्या तपासल्या. बऱ्याच वर्षांनी इतके बरे वाटले, हे दिनकरपासून लपवायचे कारण नाही.

नोंदी चोख आहेत. तारीख, चाकाचा क्रमांक, क्रुपिए, अंक. चाके सहा. चाकाचा क्रमांक खाली कोरलेला असतो आणि दिसत नाही, पण श्यामने प्रत्येकाच्या लाकडावरचे ओरखडे ओळखून ठेवले आहेत. सहा नंबरच्या कडेला नखाएवढा टवका आहे.

सहा नंबरवर इतर क्रुपिए असताना काहीही विशेष नाही. वेंडलर नावाचा क्रुपिए इतर चाकांवर असताना काहीही विशेष नाही. वेंडलर सहा नंबरवर असताना १, २०, १४, ३१, ९, २२, १८ ही शेजारशेजारची सात घरे. दोनशे बारा फेऱ्यांत चाळीस वेळा यायला हवीत. एक्याण्णव वेळा आली आहेत. मी तीनदा मोजले.

दुपारी स्वतः गेले. पासपोर्ट दाखवून प्रवेशपत्र घ्यावे लागते. दारावरच्या माणसाने माझ्याकडे, मग पातळाकडे, मग पासपोर्टकडे बघितले आणि शुभेच्छा दिल्या. मी खेळायला आले नाही असे त्याला बजावले. जा जा, म्हणाला, सगळे असेच म्हणतात.

दिवाणखाना मोठा, जाड गालिचा, तीन वाजताही पडदे ओढून दिवे लावलेले. माणसे लग्नाच्या पंगतीत असावीत तशी टेबलाला भिडून बसलेली, पण आवाज नाही. वेंडलर पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, नीट भांग पाडलेला. पोस्टात मनिऑर्डर लिहून देणारा कारकून शोभेल. आज तो दोन नंबरवर होता. तासभर बसले. काही नाही.

झऱ्यावर कासेलच्या फ्राउ ओएलर नावाच्या बाईंची ओळख झाली. सत्तरीच्या, खुसखुशीत, मला प्रोफेसरीणबाई म्हणतात. खिळ्यांचे पाणी पिऊन आपण दोघी लवकरच लोहार होऊ, म्हणाल्या.

११ ऑक्टोबर, गुरुवार

वचन दिले आहे म्हणून लिहिते.

आज सहा नंबर मधल्या टेबलावर आले आणि साडेतीनला वेंडलर पाळीवर बसला. शेजारी श्याम पांढराफटक पडला आणि मला चल म्हणू लागला. मी त्याचा दंड धरून बसवले. फ्राउ ओएलर पलीकडच्या बाजूला होत्या, त्यांनी मला हात केला.

चाकात एक बारीक आवाज आहे. दर वळशाला एकदा, टक्. वेंडलर गोळी सोडतो ती नेमकी त्या टक् वर. त्यालाही ते कळत नसावे. सहासात फेऱ्यांनंतर पाहिले की टेबलाभोवतीची बोटे हलत आहेत. कोणाचे पैशांऐवजी लावायच्या चिप्सच्या चवडीवर, कोणाचे गुडघ्यावर. सगळ्यांचे एकदमच. श्वाससुद्धा.

बाराव्या फेरीनंतर फ्राउ ओएलर यांनी समोरचे काचेचे जड रक्षापात्र उचलले आणि शेजारच्या डच गृहस्थाच्या टेबलावर ठेवलेल्या हातावर आणले. मग पुन्हा. मग पुन्हा. घाई नाही, राग नाही. टक् ला एक. पाचव्या घावाला बोटे हाताला धरून नव्हती. हिरव्या कापडावर दोन पांढरी हाडे मी पाहिली. तो माणूस ओरडलाच नाही. तोही ठोका मोजत असावा. गोळी घरात पडली तेव्हा कुठे ओरडला.

फ्राउ ओएलर यांनी हातातल्या काचेकडे पाहिले, आणि या बिचाऱ्याचे असे कोणी केले म्हणून मला, नाव घेऊन, विचारले.

नोकरांनी पाच मिनिटांत कापड बदलले.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

वह्यांच्या समासात लाल फुल्या आहेत. मला त्या चुकांच्या खुणा वाटल्या होत्या. आज श्यामने एकेकीचा अर्थ सांगितला.

मेमध्ये एका बाईने टोपीची पिन नवऱ्याच्या गालातून आरपार घातली. जूनमध्ये दोन अनोळखी माणसे. एकाने दुसऱ्याचा कान दाताने तोडला. १९ जुलैला एका नवपरिणीत बेल्जियन तरुणाने टेबलावरून उठून बायकोला संगमरवरी जिन्याच्या कठड्यावरून खाली टाकले. ती मेली. त्या दिवशी श्याम त्या सात घरांवर लावून जिंकत होता. तेव्हापासून खेळला नाही. ऑगस्टची फुली म्हणजे त्याचा स्वतःचा तळहात. कंपासपेटीतले कर्कटक. दार नव्हे. जखम दोनदा चिघळली म्हणून अजून पट्टी. सप्टेंबरमधली सांगताना थांबला. मीही खोदले नाही.

जुगारघरवाल्यांच्या मते माणसे हरली की बिथरतात.

श्याम म्हणतो, हे फक्त मला माहीत आहे, आणि माहीत असून मी डार्मश्टाटला जाऊन धारव्यांवर प्रबंध लिहू? ते चाक फोडल्याशिवाय मी हलणार नाही. मी रागावले. वह्या उचलून माझ्या खोलीत आले.

रात्री मोजले. वेंडलर आणि सहा नंबर चौदा वेळा एकत्र आले. आठ वेळा त्याची पाळी बारा फेऱ्यांच्या आत संपली. काही घडले नाही. सहा वेळा बारा ओलांडल्या. सहाही वेळा फुली.

१३ ऑक्टोबर, शनिवार

वेंडलरला भेटले. गावाबाहेर त्याचा भाजीचा तुकडा आहे. सालस माणूस. मला दोन नवलकोल दिले. जर्मन माणूस नवलकोल खातो हे मला नवीन होते. काय विचारायचे ते मी एका वाक्यात विचारले. त्याने फावडे खाली ठेवले आणि आपल्या हाताकडे बघितले. म्हणाला, त्यालाही संशय आहे. व्यवस्थापक डॉक्टर क्विंट यांना त्याने दोनदा सांगितले, मला त्या चाकावर देऊ नका. क्विंट हसले. चाकांचा तक्ता कारकून करतो आणि चाक ज्या टेबलावर येईल ते येते. सोमवारी राजीनामा देऊन कीलला बहिणीकडे जायचे त्याने ठरवले आहे. तिथे बंदरावर काहीतरी मिळेल.

मी त्याला थांबवले.

का ते स्पष्ट लिहिते. सहा नोंदींपैकी पाच श्यामच्या, आणि श्यामला उत्तर आधीच ठाऊक होते. ज्याला उत्तर ठाऊक आहे त्याची नोंद पुरावा होत नाही, हे मी चौतीस वर्षे फळ्यावर लिहीत आले. वेंडलर निघून गेला तर काहीच सिद्ध होणार नाही. चाक तिथेच राहील, उद्या तसाच हात असलेला दुसरा येईल, आणि श्याम जन्मभर त्या टेबलाशी बसेल. एकदा, नीट, तटस्थ माणसाने नोंद केलेली चाचणी हवी. वेंडलर म्हणाला, फ्राउ गद्रे, मला भीती वाटते. मी म्हटले, म्हणूनच.

नवलकोलाची भाजी केली. श्यामने पोटभर खाल्ली.

१६ ऑक्टोबर, मंगळवार

क्विंट यांना भेटून चाचणी मागितली. त्यांनी मानले. हा बाष्कळपणा एकदाचा संपावा एवढेच त्यांना हवे आहे. गुरुवारी दुपारी तीनला, बंद दिवाणखान्यात, सहा नंबर आणि वेंडलर, वीस फेऱ्या. टेबलाशी जुगारघराचे चार नोकर, क्विंट स्वतः, श्याम आणि मी. काही घडले तर क्विंट आमच्यासमोर चाक फोडतील. काही घडले नाही तर श्याम शुक्रवारच्या गाडीने डार्मश्टाटला. श्यामने सही केली. क्विंटनी केली. मी साक्षीदार.

श्यामला ही चाचणीच नको होती. वेंडलर जातोय तर जाऊ दे ना आत्या, पुढचे पुढे, असे तीनदा म्हणाला. मी त्याला भित्रा म्हटले. दिनकर, हे शब्द मी वापरले.

१७ ऑक्टोबर, बुधवार

तयारी. टेबलावरून रक्षापात्रे काढायची. क्रुपिएची चिप्स ओढायची दांड्याची खोरणी काढायची. कोणाच्या अंगावर पिन, किल्ली, पेन, लायटर नाही. सगळ्यांचे हात टेबलावर, उताणे. कडे, अंगठी काढायची. श्याम माझ्या डाव्या हाताला, म्हणजे माझी नजर राहील.

तीन पेन्सिली तासून ठेवल्या.

सकाळी फ्राउ ब्रेमरने विचारले की मी नाश्त्याला चमच्याने बशीवर ठोके का देते. मी देत नव्हते. ती म्हणते, गुरुवारपासून देता. तिला ऐकायला कमी येते.

१८ ऑक्टोबर, गुरुवार. दुपारी दोन

श्यामला बजावले की हाताकडे बघू नकोस, भिंतीवरच्या चित्राकडे बघ. त्याला मी विनोदाने म्हटले की शुक्रवारचे तिकीट मीच काढते, खिडकीजवळचे. हसला. निघतो आहोत.

१९ ऑक्टोबर

श्याम पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी गेला.

२१ ऑक्टोबर, रविवार

सुधीर आला आहे. मला फ्राउ ब्रेमरकडेच पहाऱ्यात ठेवले आहे. पोलिसांशी तोच बोलतो. माझे जर्मन सगळे गेले. एकही शब्द —

वचन दिले आहे. काही वगळायचे नाही.

मला आठवते ते एवढे. फेरी पहिली ते बारावी. अंक येत होते, मी लिहीत होते. सगळ्यांचे हात उताणे, रिकामे. वेंडलर घामाने भिजलेला. नोकरांची बोटे हलू लागली. श्याम चित्राकडे बघत होता. मला वाटत होते, कोण? या नोकरांपैकी कोण? मी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मग क्विंटनी माझे केस मागून धरले होते आणि माझे डोके टेबलावर दाबलेले होते आणि कापड ओले होते.

मधले नाही.

मधले माझ्या नोंदवहीत आहे. पोलिसांनी मला ते पान दाखवले. माझे अक्षर आहे, सरळ, एकही ओळ वाकडी नाही. पोलिसांसाठी सुधीरने त्याचे जर्मन केले. मी इथे मूळ मराठीच उतरवते.

फेरी १३. गोळी सुटली ३.४७. गोळी फिरत असताना करडा कोट, पांढरे पातळ, वय साठीच्या आसपास अशा स्त्रीने उजव्या हातातली पेन्सिल डावीकडे बसलेल्या तरुणाच्या मानेत खुपसली. एकूण चार वेळा. ठोक्याला एक. स्त्रीच्या चेहऱ्यावर भाव नाही. तरुणाने हात उचलले नाहीत. पेन्सिल मोडली. पेन्सिल बदलली. अंक १४.

अंकाखाली मी रेघ मारली आहे. पट्टीने.

२२ ऑक्टोबर

सगळ्यांकडून सगळे काढून घेतले. पिना, किल्ल्या, अंगठ्या. क्विंटचे सिगारचे पाकीटसुद्धा. माझ्यापुढे तीन पेन्सिली, टोक काढलेल्या, आणि मला —

नोंद करणारा खेळात नसतो. असे शिकवले. मला शिकवले. मी शिकवले. किती मुलींना —

वेंडलर कीलला जाणार होता. सोमवारी.

२३ ऑक्टोबर

दिनकरला तार सुधीरने केली. काय लिहिलेस विचारले. अपघात, म्हणाला. मी म्हटले, खोडून दुसरी कर. तो नाही म्हणाला. आत्या, आत्ता नको, म्हणाला. श्याम मला आत्या म्हणे म्हणून तोही म्हणतो. त्याने म्हणू नये.

त्याला माझ्या डाव्या बाजूला बसू देत नाही. कारण सांगितले नाही.

जबाब दिला, सुधीरच्या तोंडून. चाक आणि हात दोन्ही सांगितले. पंधरा वेळा, सात फुल्या. तपासणारे अधिकारी सभ्य आहेत. सगळे लिहून घेतले. गेनाऊ, म्हणजे बरोबर, म्हणाले. अगदी नीट तपासू.

मी म्हटले, तपासू नका. फोडा.

पुरावा आहे, म्हणाले. पुरावा फोडता येत नाही.

२४ ऑक्टोबर

जेवताना चमचा. सुधीरने माझा हात धरला. तेव्हा थांबला. चमचा. म्हणजे हात.

ऐकू येत नसतानाही आता —

२५ ऑक्टोबर, गुरुवार. सकाळी अकरा. पोलिसांची कचेरी.

मला वस्तू ताब्यात द्यायला बोलावले आहे. लाकडी टेबल, दोन खुर्च्या, सुधीर समोर. दाराशी शिपाई. सुधीर यादी जर्मनमध्ये करतो आहे, मी मराठीत माझ्यासाठी. दिनकरला कळावे काय काय दिले.

दिल्या वस्तू:

श्यामकांतच्या वह्या, चार. पाने मोजली, सगळी आहेत.

माझी नोंदवही, एक. तेरावी फेरी असलेली. त्यांच्याकडे आहेच, यादीत फक्त नाव.

पेन्सिली दोन. तिसरी त्यांच्याकडे आधीच आहे, दोन तुकड्यांत.

श्यामच्या खिशातले, डार्मश्टाटचे तिकीट. खिडकीजवळचे. त्याने आदल्या दिवशीच काढून ठेवले होते. मला माहीत नव्हते.

पलीकडच्या खोलीत माणसे आहेत. खुर्च्या सरकवल्या. सुधीरने शिपायाला विचारले. तो म्हणाला, चाक आणले आहे. क्रुपिएलाही आणले आहे. अधिकाऱ्यांना एकदा प्रत्यक्ष बघायचे आहे. जबाबातली गोष्ट तपासून घेणे त्यांचे कामच आहे.

मी सुधीरला म्हटले, त्यांना जाऊन सांग. तो गेला. परत आला. वेंडलर नको नको म्हणतो आहे, पण त्यांनी सांगितले की वीस फेऱ्या, मग सोडतो.

वीस.

ऐकू येते. भिंत पातळ आहे.

पातळ एक, रक्ताचे. करडा कोट. पिना सहा. चष्म्याचे घर.

सुधीरला म्हटले, बाहेर जा. तो म्हणतो, तुम्हाला एकटीला कसे सोडू. मी म्हटले, तुला घरी आई आहे, जा. तो हसला, थोडेसे, आणि खुर्ची जवळ ओढली. माझ्या डाव्या — आत्या, लिहा तुम्ही, मी आहे ना, म्हणाला.

सहा झाल्या. मी मोजते आहे. मोजू नये.

शिपायाचे बूट. ठोका. सुधीरचे बोट यादीवर. सुधीर, बोट

नऊ

ही रोजनिशी, एक. लिहून होताच देते.

हे पेन. शाईचे. टोक लोखंडी. हे आत्ता द्यायचे. सुधीर, हे घे. हातातून ओढून घे. मला सोडता येत नाही. त्याला सांगते आहे. तोंडातून येत नाही म्हणून लिहिते आहे. सुधीर हे वाच, इकडे, यादी राहू दे, हे वा

बारा

दिल्या वस्तू: पेन एक, करडा कोट, वय साठीच्या आसपास अशा स्त्रीने समोरून उठून डाव्या बाजूला बसलेल्या